खांब कुणाचा, बनियन माझा

सोमवार, सकाळचे सव्वासात. समृद्धीनगर, माझ्या भाड्याच्या घराची मागची बाजू. शेजारच्या हरणाबाईंची म्हैस दिव्याच्या लोखंडी खांबाला अंग घासायला गेली आणि जागीच मेली.

सुरुवात मात्र खिळ्यापासून झाली. समृद्धीनगर सोलापूरच्या वेशीला टेकलेलं, पण जिल्हा धाराशिव. त्यामुळं भाडं शहराचं आणि सोयी कुणाच्याच नाहीत. घरमालक बलभीमअण्णांनी पोरीच्या नावाचं हे नगर काढून प्लॉट पाडले आणि चावी देतानाच मला बजावलं, "भिंतीला खिळा ठोकायचा न्हाय." सव्वीस वर्षं मी पत्रकार म्हणून पुढाऱ्यांना भर सभेत उलटे प्रश्न विचारत आलोय. घरमालकासमोर "बरं" म्हणालो आणि कपड्यांची तार न्हाणीच्या लाकडी चौकटीपासून थेट त्या खांबाला बांधली. (घरात मी केलेलं हे एकमेव पक्कं काम.)

आठवड्याभरात बायको, अयोध्या, म्हणाली, "अवं, कपडे टाकताना हाताला झिणझिण्या येत्यात."

"बीपी तपास."

"तपासला. बरोबर हाय. तुमी हात लावून बघा."

लावला. पुढं दोन तास मी कुणाशीही भांडलो नाही.

मग भांडलो. अण्णा म्हणाले, "चप्पल घालून कपडे वाळत घालावं." वीज कार्यालयातले साहेब म्हणाले, "खांब प्लॉटवाल्याचा." अण्णा म्हणाले, "म्या कवाच त्यांच्या ताब्यात दिला." मी तीन कॉलम बातमी छापली, फोटोसकट. कुणी फिरकलं नाही.

"तार तरी सोडा," अयोध्या म्हणाली.

"पुरावा आहे तो."

तारेवरचा माझा बनियनही तसाच राहिला. काढायला जाणार कोण?

आणि मग सोमवार उजाडला. हरणाबाई म्हशीच्या डोक्याशी बसून होत्या. शेजारी रिकामी किटली. दोन्ही पोरींचं शिक्षण त्या दुधावर चाललेलं. खांबाचा मालक ठरला तर भरपाई मिळेल, असं पंचनामा करणारे म्हणाले.

अण्णांनी खांबाकडं बघितलंच नाही, तारेकडं बघितलं. "ह्यांच्या घरातनं करंट खांबात गेला."

"लाकडी चौकटीतून?"

"लाकूड ओलं हाय. बनियन बी ओला असंल."

"शक्यता नाकारता येत नाही," पंचनाम्याला आलेले वीज कार्यालयातले साहेब म्हणाले. (महिनाभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.)

हरणाबाईंनी मान वर केली. "दादा, मग मालक तुमीच व्हय?"

सव्वीस वर्षांत उलटा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला.

पंचनाम्यात लिहिलंय: खांब, मालक अज्ञात. तार, भाडेकरूची. बनियन एक, भाडेकरूचा, फाटका.

संध्याकाळी सातला त्या बिनमालकाच्या खांबावरचा दिवा रोजच्यासारखा लागला. त्याचं बटण कुठं आहे आणि ते कोण दाबतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.