प्रभात रोडची बाई आणि सुलैबियाचा राजा

मालतीबाई राजाध्यक्ष पहिल्या भेटीत माणसाला नाव विचारत नाहीत. ‘मूळचे कुठले?’ असं विचारतात. मी ‘पुण्याचा’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“पुण्यात नक्की कुठं?”

“हडपसर.”

“असू दे,” प्रभात रोडच्या मालतीबाई म्हणाल्या. आजाऱ्याला धीर द्यावा, तशा.

कुवेतच्या हवल्ली भागात त्या माझ्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहतात. एका क्लिनिकच्या लॅबच्या प्रमुख आहेत. नवरा जाऊन काही वर्षं झाली, दोन्ही मुलगे कॅनडात. ‘माणूस चांगला आहे हो, पण आपल्यातला वाटत नाही,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. कुवेतमधली निम्मी मराठी माणसं त्यांच्या ‘आपल्यात’ बसत नाहीत. उरलेली त्यांना घाबरून असतात.

मागच्या वर्षी त्यांनी एक गाजलेलं जुनं अमेरिकन नाटक स्वतः मराठीत आणलं. वैभव गेलेल्या घराण्यातली एक बाई, आणि तिच्या घराण्याला न जुमानणारा एक मजूर. घरंदाज बाई त्या स्वतःच करणार, यावर चर्चा झाली नाही. मजूर झाले आमचे दातांचे डॉक्टर कामत. मी प्रॉम्प्टर.

कामत तालमीला इस्त्री केलेला बनियन घालून आले. “डॉक्टर, पाणी जरा रांगडेपणानं प्या!” मालतीबाई ओरडल्या. कामतांनी दोन घोट घेतले आणि टिश्यूनं ओठ टिपले.

शेवटी ‘ड्यूटी लागली’ असं सांगून कामत सुटले. त्याच दिवशी सेटचा लोखंडी जिना जोडायला सुलैबियाच्या कामगार वस्तीतून पेडणेकर नावाचा वेल्डर आला होता, मालवणकडचा. त्यानं पाण्याची बाटली वर धरून घटाघटा रिकामी केली आणि बाहीनं तोंड पुसलं.

“हेच! हेच पाहिजे मला!” मालतीबाईंनी टाळी वाजवली.

पण पेडणेकर गावी दशावतारात राजे करायचा. भूमिका हातात आली आणि त्याची मान ताठ झाली. एकेक पाऊल तोलून टाकत तो असा आला, की मालतीबाईच नकळत दोन पावलं मागं सरल्या.

“अहो पेडणेकर, राजा कसला करताय? मजूर करा! तुम्ही मजूरच आहात ना?”

“ता पोटासाठी, बाई,” तो शांतपणे म्हणाला. “स्टेजवर पण मजूरच होऊचा, तर मग नाटक कशाक करूचा?”

मी हसलो. मालतीबाई हसल्या नाहीत. वहीचं पान उलटून म्हणाल्या, “चला, पुढचा प्रवेश.” त्यानंतर त्यांनी त्याची चाल कधीच सुधारली नाही.

शुक्रवारी दुपारी प्रयोग झाला. घरंदाज बाईनं ‘तुमची लायकी काय?’ असं विचारलं, तेव्हा पेडणेकर सावकाश वळला आणि नुसता बघत राहिला. सगळं सभागृह त्याच्या बाजूला गेलं. टाळ्या थांबेनात.

संध्याकाळी कामतांकडे सगळ्यांचं जेवण होतं. कामत मालतीबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “फक्त फॅमिलीज आहेत हो. बायकापोरांशिवाय राहणाऱ्या बॅचलर्सना आमच्या बिल्डिंगमध्ये सोडत नाहीत. पेडणेकरला पार्सल देऊ.”

मालतीबाईंनी पर्स उचलली. “माझंही पार्सलच द्या.”

आणि पेडणेकरला, त्याचं नाटक बघायला आलेल्या तीन रूममेट्सना आणि मला घेऊन त्या हवल्लीला आल्या. दारात आमचा इजिप्शियन वॉचमन आडवा आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “मॅडम, बॅचलर नहीं.”

“ये मेरा भाई है.”

“और ये तीन?”

“वो भी.”

त्यानं चारही भावांकडं नीट पाहिलं आणि बाजूला झाला. लिफ्टचं दार लागताना मला म्हणाला, “मॅडम के घर पहली बार कोई आया.”

मला ते एकदम खरं वाटलं. इतकी वर्षं खालच्या मजल्यावर राहून मीही वर कधी गेलो नव्हतो.

दोन पार्सलांत सहा माणसांचं काय होणार? मालतीबाई ओट्याशी गेल्या. स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं भलंमोठं पातेलं काढलं, धुतलं, आणि तांदूळ घेताना थबकल्या.

“सहा जणांना किती वाट्या लागतील हो?” त्यांनी वळून विचारलं. “माझा अंदाजच गेलाय.”

“सरा, ताई. मी बघतंय,” पेडणेकर बाह्या सारत उठला.

त्या बाजूला झाल्या आणि ताटं मांडायला लागल्या.