पोपटअण्णांचा न पोचणारा मेसेज

पोपटअण्णा कॉम्प्युटरसमोर बसत नाहीत. उभे राहतात. "बसून भांडता येत नाय," असं त्यांचं म्हणणं. केबिनमध्ये खुर्ची आहे, पण ती आल्यागेल्यासाठी. आणि आलागेलाही त्यांचा आवाज ऐकून दाराशीच उभा राहतो.

आम्ही दोघं एकाच धंद्यातले. नाशिकची द्राक्षं परदेशी निघाली की त्यांची कस्टमची कागदपत्रं करायची, मंजुरी मिळवायची आणि कंटेनर बंदराकडे सोडायचा. आमच्या दोन केबिनींमध्ये प्लायवूडची भिंत आहे. अण्णांच्या आवाजाला मात्र ती आहे हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे त्यांच्या रागाचा पारा भाषेवरून मोजता येतो. थोडे चिडले की छापील मराठी: "आपण हे योग्य करत नाही आहात." त्याच्या वर गेले की, "तू लय शहाणा हाय का?" आणि अहिराणीतलं "हाई काय शे?" ऐकू आलं की मी माझ्या फोनवरच्या गिऱ्हाइकाला नंतर करतो म्हणून सांगतो. ते चहावर चिडतात, लिफ्टवर चिडतात, लिफ्ट चालू असली तर तिच्या आरशावर चिडतात. सगळ्याच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: "आत्ताच्या आत्ता. द्राक्ष थांबत नाय."

मात्र एक काम ते असं करतात की आमच्या धंद्यात दुसरं कुणी करत नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे माल पाठवणारा व्यापारी. ज्याच्या बागेतली द्राक्षं, त्याचा आमचा काही संबंध येत नाही. घड तोडून गाडीत भरले की पुढे कंटेनर सुटला की अडकला, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगत नाही. अण्णा सांगतात. कंटेनर सुटला की एकेका बागवाल्याला फोन.

"सुटला तुझा माल. आता झोप. आणि फवारणीला तोंडाला फडकं न बांधता गेला होतास म्हणे? अक्कल गहाण टाकली का रे? आई कशी आहे? मग दवाखान्यात ने ना, मला काय सांगतोस."

खाडकन फोन बंद. लगेच पुढचा.

अण्णा नाशिक रोडला एकटेच राहतात. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परदेशात, रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतो, खाली शुभ सकाळ. अण्णा ते उघडतही नाहीत. "गुलाबाशी काय बोलायचं?" म्हणतात.

तर मध्यंतरी आमच्या वाट्याला कस्टमची नवी सिस्टीम येऊ घातली. या वेळी ती व्यापारी आणि एजंट मंडळींना विचारून बनवायची, असं वरून ठरलं होतं. नाशिकच्या एजंटांतून प्रतिनिधी म्हणून एकमतानं माझी निवड झाली. मी हुरळून गेलो. एकमताचं कारण मला नंतर समजलं: मी कुणाशीच भांडत नाही आणि मीटिंगमध्ये मान छान हलवतो. त्या दिवसापासून अण्णांनी माझं नाव टाकलं. मला ते फक्त "प्रतिनिधी" म्हणू लागले, ज्या सुरात लोक "जावई" म्हणतात.

पहिल्या बैठकीला सगळ्याच एजंटांना बोलावलं होतं. प्रकल्पाचे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. सिस्टीम अजून उघडायची होती, तेवढ्यात मी "फारच छान" म्हणून मोकळा झालो. साहेब खूश. म्हणाले, या, तुम्हीच चालवून दाखवा. मी ऐटीत गेलो, मालाच्या रकान्यात द्राक्षं शोधली, एक नाव दिसलं त्यावर टिचकी मारली आणि पुढे गेलो. मागून आवाज आला.

"प्रतिनिधी, आपण द्राक्षांच्या मनुका केल्या आहेत."

खरंच केल्या होत्या. अख्खा कंटेनर. मागे जायचं बटणच नव्हतं.

"उन्हाला पंधरवडा लागतो," अण्णा म्हणाले, "या माणसानं एका बोटात केल्या." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, पुढे आले. "साहेब, तुम्ही आधी घर बांधता आणि मग आम्हाला चहा पाजून विचारता, दार कुठं पाहिजे. दार ऱ्हायलंय हे तरी दिसतंय का? चूक झाली तर मागं जाता येत नाय. आणि यात बागवाला कुठं हाय? व्यापारी हाय, एजंट हाय, जहाज हाय. वर्षभर ज्यानं वेल सांभाळला त्याला कोण सांगणार माल सुटला म्हणून? तुमचा पडदा?"

साहेब म्हणाले, सूचना चांगली आहे, विचार करू.

"विचार नको. आत्ताच्या आत्ता लिवा."

मनुकांचं पाप धुवावं म्हणून मीही जोरात अनुमोदन दिलं. आणि नवल म्हणजे साहेबांनी ते केलं. मागे जायचं बटण आलं, आणि माल सुटला की बागवाल्याच्या फोनवर मराठीत मेसेज जायची सोय झाली. मी पेढे आणले. अण्णांनी पेढ्यात साखर जास्त आहे म्हणून मला झापलं आणि दोन खाल्ले.

हंगाम सुरू झाला. पहिला कंटेनर सुटला, आणि प्लायवूडपलीकडून फोन सुरू.

"मेसेज आला का? वाच बरं." मग नुसतं, "बरं." फोन बंद.

असे बरेच फोन झाले. सगळे "बरं"वर संपले. त्या दिवशी मला भिंतीपलीकडे कुणी नसल्यासारखं वाटलं. मी कामात होतो, फार लक्ष दिलं नाही.

पुढच्या कंटेनरला मात्र पारा थेट वर गेला. "नाय आला? कसा नाय आला? हाई काय शे? ऐक, सुटला तुझा माल..." एकालाही मेसेज आला नव्हता. अण्णा माझ्या दारात येऊन उभे. "प्रतिनिधी, तुमची सिस्टीम मेली."

मी तक्रार केली. साहेब म्हणाले, सगळे मेसेज पोचलेत. अण्णा म्हणाले, साहेब खोटं बोलतो. मी दुसरी तक्रार केली, अधिक कडक. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी भांडत होतो आणि मला ते आवडायला लागलं होतं. सरकारी यंत्रणेला रंगेहाथ पकडायचंच, म्हणून सटाण्याला एका लग्नाला गेलो तेव्हा वाकडी वाट करून अण्णांच्या यादीतल्या विमलताईंच्या बागेत पोचलो.

ताईंनी पाणी दिलं आणि फोन माझ्या हातात ठेवला. मेसेज होता. प्रत्येक कंटेनरचा होता.

"मग अण्णांना नाही आला म्हणून का सांगता?"

ताई पदरात हसल्या. "पहिल्या डावाले खरं सांगितलं ना. आला म्हटलं, तर ते 'बरं' म्हणाले अन् ठेवून दिला. रागावले नाहीत, पोरांचं विचारलं नाही. मला वाटलं, त्यांची तब्येतच बिघडली. आजूबाजूच्या बागांत विचारलं तर तिकडंबी तेच." त्यांनी फोन परत घेतला. "आते इकडे कोणलेच मेसेज येत नही."

मी परत आलो तर साहेबांचा निरोप वाट पाहत होता. माझ्या कडक तक्रारीची वरपर्यंत दखल घेतली गेली होती. आता मेसेज जाईलच, शिवाय मशीनच बागवाल्याला फोन लावून सांगेल. पुढच्या आठवड्यात चालू.

माझ्या भांडणाला आलेलं हे पहिलं यश. ते घेऊन मी अण्णांकडे गेलो.

"म्हणजे मशीन बोलणार?" अण्णांनी विचारलं.

"हो. 'आपला माल रवाना झाला आहे, धन्यवाद.' तुम्हाला आता फोन करायची गरजच नाही."

अण्णा कॉम्प्युटरसमोर उभे होते. ते वळले, आल्यागेल्याची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. बसल्यावर ते बरेच लहान दिसत होते.

"प्रतिनिधी," ते म्हणाले, हळू आवाजात, "घाई कशाला करता? होऊ द्या सावकाश. घाईत केलेलं काम धड होत नसतं."

मी माझ्या केबिनमध्ये येऊन साहेबांना फोन लावला. म्हटलं, मशीनच्या फोनला आम्हा एजंट मंडळींची हरकत आहे. साहेबांनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिहा, विषयाचा अजून अभ्यास व्हायला हवा.

साहेब लिहून घेत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कोण, विमल? मेसेज आला का? नाय? हाई काय शे? बरं ऐक, सुटला तुझा माल. पोरगी जेवती का नाय नीट?"

"फारच गोंगाट आहे तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, हो, सिस्टीम चालू आहे.