दुर्गे सरांचं डिझेल

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं पंगतीकडे बघतात, दुर्गे सर मांडवाच्या मागे जातात. तिथे आचाऱ्याची कढई असते. सर चष्मा कपाळावर चढवतात, कोमट तेलात बोट बुडवून वास घेतात आणि विचारतात, "हा कितवा घाणा?" आचारी त्यांना सरकारी तपासनीस समजतो आणि हमखास खोटं सांगतो. मग सर पिशवीतून रिकामा डबा काढतात, उरलेलं जळकं तेल भरून घेतात आणि नवरानवरीला न भेटताच घरी येतात. राजुऱ्यात सरांना आमंत्रण द्यायचं म्हणजे आधी आचाऱ्याची समजूत काढून ठेवावी लागते.

हे माझे शेजारी. रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. मी बस डेपोत नोकरीला असल्यामुळे डिझेलवर बोलण्यासाठीच मला त्यांच्या कुंपणाला लागून घर मिळालं आहे, अशी त्यांची खात्री आहे. त्यांच्या अंगणात पाण्याच्या पंपाचं एक जुनं इंजिन आहे. त्याला पंप नाही, सरांना विहीर नाही आणि शेतही नाही. रोज संध्याकाळी ते इंजिन थोडा वेळ धडधडतं आणि माझी वाळत घातलेली चादर तेलकट करून बंद पडतं.

हे खूळ शिरलं ते सिंधूबाईंच्या खोकल्यामुळे. बाई म्हणजे सरांच्या पत्नी, एटापल्लीकडच्या. सरांची पहिली नेमणूक तिकडे होती, तेव्हा लग्न झालं. आमच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी काळी होते. त्यात बाईंना दमा. डॉक्टर म्हणाले, घर बदला. सर म्हणाले, "घर काऊन बदलू? धूर बदलतो." आम्ही सगळे हसलो. बाईसुद्धा हसल्या, मग त्यांना उबळ आली.

तेव्हापासून सर तेलाचं डिझेल करायच्या पद्धती तपासू लागले, त्याही मुलीसाठी स्थळं बघावीत तशा. पहिलं स्थळ कॉस्टिक सोड्याचं. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून गरम करायचं, की दुपारपर्यंत वर डिझेल आणि खाली ग्लिसरीन. झटपट आणि स्वस्त. पण ते डिझेल पाण्याने धुवावं लागतं आणि त्या साबणी पाण्याने आमच्या नालीतले बेडूक मेले. शिवाय मिथेनॉल बनतं नैसर्गिक वायूपासून, नाहीतर कोळशापासून. म्हणजे कोळसा मागच्या दाराने घरात. दुसरं स्थळ आम्लाचं. जळक्या तेलाला चालतं, पण इतकं तापट की दोन टाक्या खाऊन गेलं. तिसरं एन्झाइमचं. स्वच्छ, शांत, खानदानी. पण महाग, आणि सावकाश इतकं की सर म्हणायचे, "हे स्थळ हो म्हणेस्तोवर पोरगी म्हातारी होते."

प्रत्येक पद्धतीला त्यांचा एकच प्रश्न असे: "याची राख कुठी पडते?" औष्णिक वीज केंद्राच्या जिल्ह्यात जन्म गेलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचणार तरी कोणता? बियांच्या तेलासाठी माळावर चंद्रज्योतीची झुडपं लावा असं कोणी म्हटलं, की ते विचारत, मग गावची गुरं चरतील कुठी, राख त्याहिच्या चाऱ्यावर पडली ना. लग्नातलं जळकं तेल सगळ्यात निर्मळ, हा त्यांचा निकाल. पण राजुऱ्यात लग्नं होऊन होऊन होणार किती. इंजिनाला रोज तेल लागतं आणि लोकांना वैशाखातच लग्न सुचतं.

मग त्यांना टोळी आठवली. मोहाची बी. जंगलात आपोआप पडते, नांगर नको, खत नको, तोडायचं काही नाही. बाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या टोळीचं तेल लाकडी घाणीवर काढतात. भाजीला तेच आणि अंगाला लावायलाही तेच. थंडीत ते थिजतं, म्हणून बाई बाटली उन्हात ठेवत. सर जीप करून गेले, चांगला भाव दिला आणि गावातलं सगळं तेल घेऊन आले. बाईंची वहिनी दरवर्षी त्यांच्यासाठी एक डबा पाठवायची, तोही त्याच जीपमध्ये आला. सरांनी सगळ्याचं डिझेल केलं. इंजिन लोण्यासारखं चाललं. धूर विरळ, डोळे चुरचुरत नाहीत. बाई ओसरीत बसल्या होत्या, खोकल्या नाहीत. सर कुंपणावरून मला म्हणाले, "पाह्य, हिची राख कुठीच नाई पडत." इतका खूश झालेला माणूस मी डेपोत बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी बाई खाटेला लागल्या. जेवण जाईना. एके दिवशी त्यांनी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे मागितले. माहेरच्यासारखे, टोळीच्या तेलातले. घरात टोळीच्या तेलाचे कॅन होते, पण सगळ्याचं डिझेल झालेलं.

सर तडक एटापल्लीकडे गेले. गावात टोळीचं तेल नव्हतं. सरांनी दिलेला भाव ऐकून व्यापारी आले होते, बी तशीच पोत्यांनी उचलून नेत होते. घरोघरी पामतेलाच्या पिशव्या लटकत होत्या. त्या समुद्रापलीकडून जहाजाने आणि पुढे ट्रकने, डिझेल जाळत आलेल्या. घाणीचं लाकूड कोणीतरी चुलीत घातलं होतं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमीच तं रस्ता दाखवला." ती रागावली नव्हती, हे सरांनी मला दोनदा सांगितलं.

वडे शेवटी पिशवीतल्या तेलात झाले. बाईंनी अर्धा खाल्ला आणि चांगले झाले म्हणाल्या. आठवड्याभरात त्या गेल्या.

त्यानंतरही इंजिन चालूच राहिलं. मला संताप येई. ज्यांच्यासाठी धूर बदलायचा होता त्या गेल्या, आता हा माणूस कोणासाठी जाळतो आहे? परवा चादर खराब झाली तशी मी भांडायच्या तयारीनेच त्यांच्या फाटकातून आत शिरलो.

सर इंजिनाजवळ खुर्ची टाकून बसले होते, धूर जिकडे जातो त्या बाजूला. मला म्हणाले, "बस इथी. बोलू नको जरा."

बसलो. चादरीचा विषय तोंडापर्यंत आला होता, इतक्यात वास आला. बाईंच्या स्वयंपाकघराचा. सणाला त्या वडे तळायच्या तेव्हा कुंपणावरून आमच्याकडे यायचा तोच, थोडा कडवट, थोडा गोड. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

इंजिन बंद पडलं. सरांनी टोळीच्या डिझेलचा शेवटचा कॅन हलवून पाहिला. तळाशी थोडंच राहिलं होतं.

मला वाईट वाटलं आणि मी बसवाल्याच्या अकलेने बोललो, "सर, हे जाळू नका ना. याचं परत तेल करा. माझी बायको वडे तळून देईल."

सरांनी फळ्यासमोर उभं असल्यासारखं हवेत बोटाने एक बाण काढला आणि खाली दुसरा, उलटा.

"कागदावर जाते रे रिअ‍ॅक्शन उलटी," ते म्हणाले. "जलमभर पोराहिले हेच शिकवलं. घरात नाई जात."

मग त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि तो खुर्चीखाली, सावलीत सरकवला.