उभे उडणारे व्याही

जर्मनीतल्या आखन गावच्या त्या घरात तेव्हा होते ते असे: मी, माझी लेक सुनीता, जावई मंदारराव, त्यांची पाच वर्षांची सई, मंदाररावांचे वडील म्हणजे माझे व्याही दत्ताराम, आणि खालच्या मजल्यावरची फ्राऊ हाइनेन. एक विमानही होतं, पण ते एकट्या व्याह्यांना दिसायचं.

आमचे व्याही खुर्चीतून माणसासारखे उठायचे नाहीत. दोन्ही पाय रोवायचे, हात अंगाला चिकटवायचे, "नॉझल डाऊन!" म्हणायचे आणि सरळ वर. कशाला टेकणं नाही की धरणं नाही. गुडघे कटकन वाजायचे. "इंजिन आहे विहीणबाई, आवाज करणारच."

ते नौदलात मेकॅनिक होते. सी हॅरियर नावाचं लढाऊ विमान, जागच्या जागी उभं वर उठणारं आणि तसंच खाली बसणारं, त्याची देखभाल करण्यात त्यांची वीस वर्षं गेली. कधी गोव्यात, कधी बोटीवर. मी चौथी शिकलेली बाई. मालक गेले तेव्हा सुनीता तीन वर्षांची. सिन्नरला विड्या वळून तिला इंजिनेर केली. रडायला सवड नव्हती, भिजवलेली पानं वाळून जायची. अशा बाईला विमान समजावून सांगावं असं कुणाला वाटेल? व्याह्यांना वाटलं.

सुनीता पुन्हा कामाला लागली, म्हणून सईला बघायला आम्ही दोघं आलेलो. लेक-जावई ऑफिसला आणि सई किंडरगार्टनला गेली की व्याही पळी घेऊन ओट्याशी हजर.

"हे बघा. इंजिन एक, नॉझल म्हणजे तोंडं चार. तोंडं मागं केली की पुढं पळतं. खाली फिरवली की वर उठतं."

"माझी सासू तशीच," मी म्हणलं. "तोंड फिरवेल तसं घर पळायचं."

"इंग्रजांनी पहिल्यांदा दोरानं बांधून उचललं, भरवसा नव्हता म्हणून."

"शेळीसारखं?"

"शेळीसारखं. मग सोडलं, मग युद्धात नेलं, मग आपण आणलं. आता बोटीवर उतरताना काय होतं? हवेत थांबतं. तेव्हा इंजिन तापू नये म्हणून पाणी पितं. पाणी दीड मिनिटाचं. तेवढ्यात बसलं पाहिजे."

"म्हणजे नवी सून. माहेरचा धीर संपायच्या आत रुळली पाहिजे."

व्याह्यांनी वही काढून हे लिहून घेतलं. म्हणाले, "एवढं सोपं करून आमच्या साहेबांनीपण सांगितलं नव्हतं."

मंदाररावांना मात्र ऐकायला वेळ नसायचा. जर्मन लोकांनीसुद्धा असली विमानं बनवली होती, उडवून बघितली आणि मग म्युझियमात ठेवली, हे सांगायला बाप गेला की पोरगा लॅपटॉपमधून मान न काढता म्हणायचा, "जा, बाबा, जा." तिकडं 'जा' म्हणजे 'हो'. व्याही मला म्हणाले, "विहीणबाई, मुलगा हो म्हणतोय की हाकलतोय, कळत नाही."

ऐकणारी भेटली ती फ्राऊ हाइनेन. पंचाहत्तरीची बाई. तिचं सासर जवळच, सरहद्दीकडं. इंग्रजांचं सैन्य तेव्हा तिथं असायचं आणि हीच विमानं रानात लपवून उडवायची तालीम करायचं. एकदा एक जवळून उठलं आणि तिची धुण्याची दोरी पार मोकळी झाली. नवऱ्याची लांब चड्डी पाद्र्याच्या कुंपणावर सापडली. हे ऐकून व्याही ताडकन उठले, सलाम ठोकला आणि इंग्रजीत म्हणाले, "सॉरी मॅडम." इंग्रजांच्या वतीनं! त्या दिवसापासून तिच्या धुण्याला चिमटे लावायला खाली हेच जायचे. तिनं त्यांना या विमानाचा जर्मन शब्द शिकवला: झेंक्रेश्टश्टार्टर. मला म्हणायला लावला तर माझी कवळी हलली.

त्याच वर्षी, दोन हजार सोळाला, नौदलानं ही विमानं निवृत्त करायची ठरवली. गोव्यात निरोप होता. जुन्या सोबत्यांचा फोन आला, घरच्यांना घेऊन या. व्याह्यांनी मंदाररावांना विचारलं, "येतोस? तीन दिवस." मंदारराव म्हणाले, "बाबा, उरलाऊब शिल्लक नाही." उरलाऊब म्हणजे रजा. "तुम्ही जाऊन या ना, मी तिकीट काढतो."

"बघू," व्याही म्हणाले. मला ओट्याशी म्हणाले, "एकट्यानं जाऊन दाखवू कुणाला?"

त्याच आठवड्यात मंदाररावांचा साहेब रविवारी चारला कॉफी-केकला यायचा होता. मंदाररावांना मोठं पद मिळायचं चाललं होतं. सकाळीच वडिलांना म्हणाले, "बाबा, प्लीज. आज विमान नको."

"शब्द दिला. आज आम्ही हँगरमध्ये."

आणि खरंच, अर्धा तास हूं नाही की चूं नाही. मग साहेबानं केकचा घास घेत मंदाररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलला. त्यात तो शब्द होता. झेंक्रेश्टश्टार्टर!

व्याह्यांनी पाय रोवले. सुनीतानं माझा हात दाबला. "नॉझल डाऊन!" आणि सरळ वर. केकची थाळी माझ्या मांडीवर.

तिकडं झटकन वर चढलेल्या हुशार माणसालाही तोच शब्द आहे. साहेब पोराचं कौतुक करत होता. पण व्याही बशा, चमचे मांडून सुरू झाले, तेही मराठीत. साहेबाला गंमत वाटली, "काय म्हणतात?" असं तो मंदाररावांना विचारत राहिला. मंदारराव घाम पुसत एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगायला लागले. चार तोंडं सांगितली. दोर सांगितला. पाणी सांगितलं.

मग व्याही म्हणाले, "एकदा मी बोटीवर होतो. विमान गोव्याहून येऊन उतरलं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आमचं सगळं हाताच्या खुणांनी. पायलटनं वरून दोन्ही हात असे झुलवले. मला वाटलं, चाक डुगडुगतंय. मी खाली शिरलो, चाक तपासलं. चाक ठीक. तो परत हात झुलवतोय. मी परत चाक तपासतोय. शेवटी तो खाली उतरून कानात ओरडला, गाढवा, तुला मुलगा झाला!"

साहेबानं विचारलं, "काय म्हणतात?" मंदारराव बापाकडं बघत राहिले. सुनीतानं मग जर्मनमध्ये सांगितलं. साहेब इतका हसला की डोळे पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेली भांडी व्याह्यांकडं देत होते, ते पुसत होते. म्हणलं, "तुम्हाला इंग्रजी येतं. साहेबालाही येत होतं. मग मराठीत का?"

ते एक बशी फार वेळ पुसत राहिले. "इंग्रजीत सांगितलं असतं, तर मंदार फोन घेऊन गॅलरीत गेला असता. मराठीत सांगितलं, म्हणून प्रत्येक वाक्य त्याला ऐकावं लागलं."

"आणि तो शब्द?"

"त्याचे दोन्ही अर्थ फ्राऊ हाइनेननं पहिल्याच दिवशी सांगितले होते."

मंदाररावांना पद मिळालं. रजा मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी व्याही आखनलाच होते, खाली फ्राऊ हाइनेनच्या चादरी वाळत घालत होते.

आता ते गावी एकटे असतात. गोव्यात एक विमान लोकांना बघायला ठेवलंय म्हणतात. ते अजून तिकडं गेलेले नाहीत.

हे ज्याच्या हाती पडेल त्यानं एवढं करावं. माझ्या जावयाला हे वाचून दाखवावं आणि म्हणावं, बापाला घेऊन एकदा गोव्याला जा. मी सासू आहे, माझ्या तोंडून ते बरं दिसत नाही.