विश्वासाचं क्रियापद

"स्पॅनिशमध्ये चुकायला जागाच नाही! अगदी रसायनशास्त्रासारखी शिस्तीची भाषा!" रघु परबने काळाचौकीतल्या अख्ख्या चाळीला ऐकवलं. साल अठ्ठावन्न. चाळीतला पहिला बी.एस्सी. होता तो, त्याला कोण अडवणार?

बेलार्ड पिअरवरच्या एका अर्जेंटिनी रंगकंपनीला स्पॅनिश जाणणारा केमिस्ट हवा होता. नोकरी मिळाली तर गिरगावचे शामराव आपली मीनाक्षी रघुला द्यायला तयार होते. नाही मिळाली, तर नागपूरचा एक डॉक्टर तयार होता!

साहेब प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारतो, अशी पक्की बातमी होती: गिऱ्हाइकाच्या मनात काय उत्पन्न कराल? 'विश्वास' हे उत्तर सोपं होतं. घोडं अडलं 'उत्पन्न करण्या'पाशी. पुस्तकात तीन क्रियापदं दिली होती. संस्कार रुजवायला इन्कुल्कार. भीती, धाक घालायला इन्फुन्दिर. विश्वासाला बहुधा इन्स्पिरार. प्रत्येक ॲसिडची बाटली वेगळी असावी तसं! आणि त्या 'बहुधा'ने रघुची झोप उडवली.

मुलाखतीच्या सकाळी तो गॅलरीत पुटपुटत येरझाऱ्या घालत होता.

"ताप इलो काय रे?" शेजारच्या लवूने विचारलं. लवू गिरणीत साच्यावर कापड विणायला होता आणि युनियनमध्ये पुढे.

"साहेबाच्या मनात विश्वास उत्पन्न करायचाय, लवूदादा. कसा करायचा तेच कळत नाही!"

"आणि एकटोच जातंस? एकट्याक कोण विचारता? साहेबाक कळाक व्हया, मागे माणसां आसत!"

"अहो, क्रियापदाचा प्रश्न आहे!"

"कसलोय प्रश्न असू दे, तो असोच सुटता!"

रघु हसला. तिथेच चुकला.

साहेब गोरा, गुबगुबीत, प्रेमळ. त्याने ठरलेला प्रश्न विचारला. रघु ताठ झाला. "किएरो इन्स्पिरार..." 'मला उत्पन्न करायचाय', एवढंच तोंडातून बाहेर पडलं आणि खाली रस्त्यावर ढोल घुमला.

"रघु परबला नोकरी!"

"मिळालीच पाहिजे!"

त्या दिवसांत मुंबईतला कुठलाही साहेब मोर्चाचा आवाज ऐकून खिडक्या लावून घेई. या साहेबाने खिडकी लावली नाही. तो थेट टेबलाखाली गेला!

"हे... तुमचे लोक?"

"होय साहेब. शेजारी आहेत."

"ते माझ्या मनात काय उत्पन्न करतायत?"

रघुला खोटं बोलता आलं असतं. पण प्रयोगात दिसेल तेच लिहायची सवय नडली. "मिएदो, साहेब. भीती. इथं मात्र इन्फुन्दिर."

"शाब्बास! क्रियापद अगदी अचूक!" टेबलाखालून आवाज आला. आणि शिपायाने रघुला मागच्या जिन्याने खाली सोडलं.

खाली चाळीतल्या कमळाबाईंनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. लवूने खांद्यावर थाप मारली.

"साहेब भियालो मां?"

"भ्याला. नोकरी गेली, लवूदादा! मीनाक्षीपण गेली!"

"मीनाक्षी जाता खंय?" लवूने ढोलवाल्याला खूण केली. "चला रे! आता शामरावाकडे!"

मोर्चा गिरगावकडे वळला. हार सावरत रघु पुढे धावला. शामरावांपुढे कुठलं क्रियापद लागणार, हे पुस्तकात बघायची गरजच उरली नव्हती.