सबनीसांनी काढलेली लग्नपत्रिका

आत्मा वेगळा आणि देह वेगळा, हे सत्य आमच्या नेरूळच्या सोसायटीला सबनीसांमुळे कळलं. विषय टाकी साफ करण्याच्या नोटिशीचा होता.

माझे हे शेजारी बेलापूरच्या एका कंपनीत विमा पॉलिसींच्या पीडीएफ काढतात. एका एक्सएमएल फाइलमध्ये नुसता मजकूर: नाव, पत्ता, तारीख. अक्षर केवढं, चौकट कुठे, ही मांडणी दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही एकत्र केल्या की पीडीएफ बाहेर पडते. "आपण कसे दिसतो हे मजकुराला कळता कामा नये," हे त्यांचं ब्रीद. सोसायटीच्या नोटिशीही ते अशाच काढतात. सेक्रेटरींनी एकदा 'पाणी बंद' पेनाने अधोरेखित केलं, तर सबनीसांनी नोटीस उतरवून नवी लावली. सबनीसवहिनींनी नवी साडी दाखवली तेव्हा म्हणाले, "मजकूर तोच आहे ना?" त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले.

मुलीचं, केतकीचं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका आपणच काढणार असं त्यांनी जाहीर केलं.

"संध्याकाळपर्यंत नीट झाली तर तुमची, बाबा," केतकी म्हणाली. "नाहीतर मी डिझायनरला देणार."

सबनीसांनी मला साक्षीला बोलावलं. वेळ वाचावा म्हणून मांडणीची फाइल सोसायटीच्या नोटिशीची घेतली. पत्रिका झोकात आली. तळाशी होतं: 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

"मांडणीत मजकूर कोणी घातला?" सबनीस कडाडले.

"तुम्हीच," मी आठवण करून दिली. "दर वेळी टाइप करायचा कंटाळा म्हणून."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "मुलाकडच्यांना आधी सांगितलेलं बरं."

सबनीस हसले नाहीत. ओळ काढून त्यांनी पुन्हा पत्रिका काढली. केतकीने ती दोनदा वाचली.

"माझं नाव पटकन दिसत नाही, बाबा."

खरं होतं. वधू, वर, आजोबा, मंगल कार्यालय, सगळी नावं एका मापाची. एका माणसासाठी वेगळा नियम करायचा नाही, हा सबनीसांचा दंडक. केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. "असू दे. हीच छापू," म्हणाली आणि आत गेली.

सबनीस जिंकले होते.  तरी त्यांनी मजकुराची फाइल उघडली आणि केतकीच्या नावाला तिथेच, हाताने, मोठं माप लावलं.

"मजकुरात मांडणी?" मी विचारलं.

"एकदाच," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "पुढच्या महिन्यात जाते आहे ती."

पत्रिका छापून आल्या. केतकीचं नाव गणपतीपेक्षा मोठं आहे. नवरदेव खाली कुठेतरी आहे.