भोयर एंड सन्सचा परवाना

बालाघाट नगरपालिकेचे उरकुडेबाबू दुकानाची पाटी नुसती वाचत नसत, तिची उलटतपासणी घेत.

दुकानावर पाटी लावायची तर त्या काळी नगरपालिकेचा परवाना लागे. नियमात पाटीची लांबी-रुंदी आणि ती रस्त्यावर किती पुढे येते, एवढंच होतं. पाटीवरचं खरं की खोटं, हे पाहायचं काम उरकुडेबाबूंना कोणी दिलं होतं, देव जाणे. 'शुद्ध तूप' दिसलं की ते तळहात पुढे करीत, तूप चोळून हुंगत आणि मगच सही करीत. एका 'सुप्रसिद्ध' वैद्यांच्या पाटीसाठी त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या किरनापूरच्या शेतकऱ्याला थांबवून विचारलं, "याहिले ओळखता का?" तो नाही म्हणाला आणि वैद्यबुवा नुसते वैद्य राहिले. कोणी फार वाद घातला तर बाबू सुपारी गालात सरकवून एवढंच म्हणत, "दाखवा मंग."

अशा माणसापुढे मी पंचविशीतला, बिनलग्नाचा गडी 'भोयर एंड सन्स, छातेवाले' अशी पाटी घेऊन उभा राहिलो.

फसवणुकीचा विचार नव्हता. खरं तर कसलाच विचार नव्हता. बाजारातल्या सगळ्या दांडग्या दुकानांवर 'एंड सन्स' असे, तेव्हा दुकानाला कुलूप लागतं तसं हेही लागत असावं, असा माझा समज. गोंदियाचा पेंटरही म्हणाला, याच्याशिवाय पाटी रिकामी दिसते. पाटी भरली. तिच्याखाली दुकान म्हणजे एक खोका, थोड्या छत्र्या आणि सुईदोरा घेतलेला मी.

"सन्स कुठी आहेत?" उरकुडेबाबूंनी विचारलं.

"होवाचे आहेत, बाबूजी."

"बायको?"

"थेही होवाची आहे."

"मंग पाटीही होवाची आहे समज," म्हणून ते सायकलवर बसले.

नेमके त्याच आठवड्यात गोंदियाहून मुलीचे वडील मला पाहायला येणार होते. मुलगी मी राजेगावला एका लग्नात पाहिली होती. पंगतीत वाढताना तिनं मला भात जरा जास्त वाढला, तेवढ्यावर मी मनात सगळं ठरवून टाकलं होतं. आता हे जमलं नाही तर काय, हा विचारसुद्धा मला सोसत नव्हता. पण मुलगा छत्र्या शिवतो असं कळल्यावर आधीची स्थळं आठ महिने आभाळ कोरडंच असतं, असा हिशेब करून परतली होती. पाटीच काय ती माझी पत. मी नगरपालिकेत जाऊन हात जोडले, "बाबूजी, पाहुणे येऊन जाईपर्यंत लावू द्या."

"पाहुण्यापुरती पाटी नाटकवाल्याइले लागते," ते म्हणाले.

शेवटी मी डोकं चालवलं. माझ्या बाबतीत हे नेहमीच धोक्याचं असतं. पाहुणे यायच्या दिवशी परवान्याविनाच पाटी चढवली आणि खोटं तेवढं झाकावं म्हणून 'एंड सन्स'वर दुकानातली सगळ्यात देखणी छत्री उघडून टांगली.

मुलीचे वडील आले. पाटी पाहून खूश झाले. खोक्यावर बसले, चहा झाला, आणि मग त्यांना ती छत्री आवडली. मी दुसऱ्या चार दाखवल्या, पण त्यांना तीच हवी होती. मी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी हातातल्या काठीनं ती खाली काढलीसुद्धा.

ते बराच वेळ वर पाहत राहिले. "पोरं केवढी आहेत तुमची?" आवाज अगदी थंड होता.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि उरकुडेबाबू उतरले. परवाना गेला, पाटी गेली, आता मुलगीही गेली, असं समजून मी सुईदोऱ्याकडे पाहत बसलो.

"याले पोरं नाहीत," उरकुडेबाबू म्हणाले. "लग्नही नाही. म्या तपास केला आहे."

नगरपालिकेचा माणूस सांगतोय म्हटल्यावर पाहुणे जरा सैल झाले. "मंग पाटीवर काहून लिहिलं?"

उरकुडेबाबूंनी सुपारी थुंकली. "हाव आहे त्याले. आधी पाटी, मंग पोरं. माह्या घरी याच्या उलटं आहे. दारावर बापलेकाचं नाव आहे, आन् लेक भिलाईले गेला, थो तिकडचाच झाला. माही बायको होती तवा थो कधीमधी ये. पाटी काही म्या काढली नाही."

साऱ्या गावाच्या पाट्या तपासणाऱ्या या माणसाच्या दारावर काय लिहिलं आहे, हे पाहायला आमच्यापैकी कोणी कधी गेलं नव्हतं. त्यांनी खोक्यावर कागद ठेवून माझ्या परवान्यावर सही केली. पाहुण्यांनी छत्री घेतली आणि महिन्याभरात मुलगीही दिली.

पुढच्या वर्षी परवाना नवा करायला उरकुडेबाबू आले तेव्हा दुकानात झोळी बांधलेली होती आणि झोळीत आमची मुलगी. मी आपण होऊनच म्हणालो, "बाबूजी, सन्स खोडतो."

ते झोळीत वाकले. पोरीनं त्यांची मिशी धरली आणि सोडेना. वाकलेल्या अवस्थेतच ते म्हणाले, "खोडू नको. खाली जागा आहे, हिचं नाव लिव."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी तपासणीला येऊ लागले. पाटीकडे वर न पाहता सरळ झोळीशी जात. इतकी कडक तपासणी बालाघाटात दुसऱ्या कोणत्या दुकानाची होत नसेल. एकदा पोरीला ताप होता म्हणून बायकोनं तिला घरीच ठेवलं. उरकुडेबाबू रिकाम्या झोळीजवळ थोडं थांबले, ती हातानं जराशी हलवली, आणि सायकल वळवताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या आणशीन ना तिले?"

मी हौ म्हणालो.